शेक घ्यायचं तू ठरवलंस तेव्हा

आये,

तू गेलीस तेव्हा मी तुझ्या निम्म्या वयाची होते, आणि आता तुझ्या दुप्पट वयाची झाले आहे. तुला अक्षर ओळखता येत नव्हतं. मला चौथीपर्यंतचं येत होतं, बाकीचं पुढं पोरांच्या पुस्तकांतून शिकले. इतकी वर्षं बावधनला राहून आपल्या माले गावची बोली माझ्या तोंडातून गेली, सुना-नातवंडांत बसून मी त्यांच्यासारखी बोलायला लागले. पण तुझं बोलणं कानात जसंच्या तसं आहे. तू हाक मारलीस तर आजही मला ओळखू येईल.

पानशेत फुटून पुण्यात पाणी घुसलं, त्याच्या दुसऱ्या वर्षीचा शिमगा. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, मी पहिल्यांदाच चार दिवस राहायला माहेरी आले होते. तू अंगण सारवत होतीस. उठताना एक हात जमिनीला आणि एक पोटाखाली धरून उठलीस, आणि मी बघतच राहिले. तू पदर पुढं ओढलास. "बगतीस काय? वारा धरलाय पोटात," म्हणालीस आणि शेणाची पाटी घेऊन आत गेलीस. पण सुईण येऊन पोट चाचपून गेली होती आणि तिनं दिवस गेल्याचं सांगितलं होतं. लेक उजवली आणि आई बाळंतपणाला बसली, असं विहिरीवर बाया तोंडाला पदर लावून बोलत. तू पाण्याला फटफटायच्या आत जायला लागली होतीस, विहिरीवर कोणी नसताना. मलाही, खरं तर, तुझ्याकडं बघायची लाज वाटत होती.

खुश होती ती एकटी धाकटी. माझी आठ वर्षांची बहीण, जन्मापासून कानानं ऐकू न येणारी. गाव तिला मुकी म्हणायचं, पण ती मुकी नव्हती, दिवसभर हातांनी बोलायची. तिचं बोलणं कळायचं फक्त तुला. तुम्ही दोघींनी मिळून खुणा केल्या होत्या. शेळी म्हणजे हनुवटीखाली दोन बोटं. आबा म्हणजे मिशीला पीळ. भाकरी थापल्यासारखे तळवे हलवले की भूक. आणि त्या शिमग्यात ती दिसेल त्याच्यासमोर उभी राहून, दोन्ही हात छातीशी घेऊन झोके द्यायची, मग तुझ्या पोटाकडं बोट करायची. लोक हसायचे. तू तिचे हात धरून खाली करायचीस.

चैत्रात तुला दम लागायला लागला. पोट ढोलासारखं ताठ झालं, दोन घास खाल्ले तरी जागा उरत नव्हती. आबांनी बैलगाडीनं पौडला आणलं आणि तिथून एसटीनं पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. वाटेत बावधनला, माझ्या सासरी, मीही तुमच्या एसटीत चढले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सुई घालून पोटातलं पाणी काढलं, बादली भरली. मग म्हणाल्या, मूल नाही, गाठ आहे, अंडाशयाची. बाई बाहेर गेल्या तशी तू माझ्याकडं बघून म्हणालीस, "अंडं? म्या काय कोंबडी हाय व्हय?" आणि हसलीस. पोटातलं ओझं उतरल्यामुळं तुला तेव्हा इतकं हलकं वाटत होतं की तू खरंच हसत होतीस. गावच्या बायांना आता तोंडावर सांगता येईल म्हणालीस.

ऑपरेशन झालं. निघाली तेवढी गाठ काढली, आतड्यांना चिकटलेली तशीच ठेवावी लागली. हे बाईंनी आबांना व्हरांड्यात बोलावून सांगितलं, आणि कॅन्सर हा शब्दही तिथंच सांगितला. आबा आत आले, टोपी काढून परत घातली आणि म्हणाले, "बरं हाय म्हनत्यात." तू म्हणालीस, "माज्या तोंडाकडं बगून सांगा." ते बघू शकले नाहीत. तेव्हा तू बाईंनाच बोलावलंस. त्या तुझ्या कॉटवर येऊन बसल्या, हे मला आठवतं, कारण डॉक्टर कॉटवर बसलेला मी दुसरा पाहिला नाही. त्यांनी तुला मशीनच्या शेकाचं सांगितलं. जखम भरली की यायचं, रोज थोडा थोडा घ्यायचा, आतली गाठ आखडते, पाणी लवकर भरत नाही.

"समदं बरं व्हईल?" तू विचारलंस.

"असं मी म्हणणार नाही. त्रासही होईल. उलट्या होतील, कातडी भाजेल."

"आन् न्हाई घेतला तर?"

"पावसाळा निघणं अवघड आहे. घेतला तर कदाचित दिवाळी, कदाचित त्याच्याही पुढं. घरी जा, विचार करा, सगळे मिळून ठरवा."

घरी आल्याचा तो दिवस मी विसरू शकत नाही. तुला धरून मी अंगणात आणलं आणि धाकटी धावत आली. तिनं तुझ्या पोटाकडं पाहिलं. पोट सपाट झालं होतं. तिचं तोंड फुललं, आणि तिनं आबांच्या हातातलं गाठोडं ओढून खाली घेतलं, गाठ सोडली. लुगडी, टॉवेल, तांब्या, एकेक वस्तू बाहेर काढून ठेवली. मग रिकामं धडपं झटकलं. मग तुझ्याकडं बघून दोन्ही हातांनी झोका दिला आणि तळवे उघडले. कुठंय? तू ओट्यावर टेकलेली, बोलायला त्राण नाही. ती आबांकडं गेली, तीच खूण घाईनं केली, उघडे तळवे तेवढे दिसले. आबांना वाटलं भूक लागली, त्यांनी गुळाचा खडा दिला. तो टाकून ती माझ्याकडं आली. मलाही पटकन कळेना, मी तिला पाणी दिलं. ती पाय आपटून रडायला लागली, आणि तू ओट्यावरून आमच्या तिघांकडं बघत होतीस. तुझं तोंड असं झालेलं मी ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा पाहिलं नव्हतं.

आबांच्या मनात शेक नव्हताच. पौडला त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की भाजून माणूस करपतं. जखम भरली तेव्हा ते म्हणाले, "मरन चुकत न्हाई म्हनत्यात, मंग भाजून घ्यायचं कशापाई? हितं ऱ्हा. घरचं खा. म्या हाय." ते तुला नाही म्हणत नव्हते, तुझ्या अंगाला आणखी काही व्हायला नको म्हणत होते. हे मला आज कळतं, तेव्हा मला त्यांचा राग आला होता. तू पाटावर तांदूळ निवडत बसली होतीस. निवडून झाले, सूप भिंतीला टेकवलंस आणि म्हणालीस, "म्या शेक घेनार."

"आगं पर कशासाटी?"

"तिला काय पायजे ते तुमास्नी कळत न्हाई. कुनालाच कळत न्हाई. म्या गेल्यावर तिनं कुनाशी बोलायचं? मला दिस पायजेत. हिला शिकवायचंय." माझ्याकडं बोट केलंस. "आन् ह्या कामाला लई दिस लागत्यात. हिला डोकं कमी हाय."

आबा मग उठून गोठ्यात गेले, आणि दुसऱ्या दिवशी गाडी जुंपली.

माझ्या सासरच्यांनी मला तुझ्यासोबत राहू दिलं, हा त्यांचा मोठेपणा. नाना पेठेत तुझ्या चुलतबहिणीची एक खोली होती, तिथं आपण उतरलो. वैशाखाचं ऊन, वर पत्रा. रविवार सोडून रोज सकाळी आपण दवाखान्यात चालत जायचो, पुढं पुढं टांग्यानं. पहिल्या दिवशी त्यांनी तुझ्या पोटावर जांभळ्या शाईनं चौकोन आखले आणि सांगितलं, हे पुसायचे नाहीत, तेल लावायचं नाही, हळद लावायची नाही. तू त्या रेघांकडं बघत म्हणालीस, "वाफं पाडल्यात." मग तुला आत नेलं. जाड दार, वरून खाली येणारं मोठं मशीन, अंगाभोवती शिशाचे पत्रे. हलायचं नाही. आणि सगळे तुला एकटीला आत ठेवून बाहेर आले, दार लावलं. आतून घरघर ऐकू येत होती.

बाहेर आलीस तेव्हा तुझ्या ओठांना रंग नव्हता. मी विचारलं, दुखलं का? तू नाही म्हणालीस. बाकावर बसलीस आणि म्हणालीस, "दार लावलं आन् म्या हाक मारली. एकदा, दोनदा. कोन आलं न्हाई. माजाच आवाज त्या मशीनीत गेला. मला वाटलं, आपुन हाय का न्हाई?" मग माझा हात घट्ट धरलास. "आगं, तिला रोज आसंच आसतंय गं." तेव्हा तू रडलीस. तुझ्या दुखण्यासाठी तुला रडताना मी पाहिलं नाही, पण त्या बाकावर तू धाकटीसाठी रडलीस, पदर तोंडात धरून.

त्या दारात एक जाड काच होती. मशीन चालवणारा माणूस तिच्यातून आत बघायचा. दुसऱ्या दिवशी मी त्याच्यापुढं हात जोडले, म्हटलं, मला इथं उभं राहू द्या, आतल्या बाईला मी दिसले पाहिजे. तो आधी नाही म्हणाला, मग थोडा सरकला. तू पाठीवर निजलेली, मान तेवढी काचेकडं. तुला हात हलवता येत नव्हता, पण मला येत होता. काय बोलावं सुचेना. मी हनुवटीखाली दोन बोटं धरली. शेळी. मग मिशी. आबा शेळ्या घेऊन गेले. तुझ्या डोळ्यांत हसू आलं, ते काचेतूनही दिसलं. मग रोज ते चालू झालं. आत घरघर, आणि बाहेर मी वेड्यासारखी हात हलवतेय. मावशीनं काय रांधलं, टांगेवाला काय बोलला, धाकटी आता काय करत असेल. पालथं निजवायच्या दिवशी तुला मी दिसायची नाही, पण मी तरीही करायचे. बाहेर आलीस की तू माझ्या चुका काढायचीस. "तान लागली म्हंजी अंगटा व्हटाला, खालच्या व्हटाला. वरच्याला लावलास तर दूद व्हतंय. आन् भ्याली म्हंजी छातीवर मूट, पर हळू. जोरात केलीस तर राग." रस्त्यानं, खोलीत, उलट्यांची पाटी मांडीवर घेऊन बसलेली असतानासुद्धा तू शिकवत होतीस. मला एवढं माहीत नव्हतं की आपल्या घरात एक सबंध भाषा होती आणि मी तिच्या बाहेर वाढले होते.

पण तुझे हाल मी कसे विसरू. फोडणीचा वास आला की पोट ढवळायचं, म्हणून मावशी शेजारणीच्या चुलीवर रांधायची. पेज, ताकभात, तेही टिकायचं नाही. पोट बिघडलं, रोज कितीदा तुला धरून न्यावं लागायचं. त्या चौकोनातली कातडी आधी लाल झाली, मग काळी, मग सोलायला लागली. लुगड्याची गाठ कंबरेला सहन होईना, तेव्हा मावशीनं जुन्या धोतराचा मऊ तुकडा दिला, तो तू गुंडाळून बसायचीस आणि कोणी आलं की लाजायचीस. मधे रक्त कमी झालं म्हणून काही दिवस शेक बंद ठेवला, तर तुला आनंद होण्याऐवजी भीती वाटली की आता सांगतील, पुरे.

आणि एक दिवस तूच म्हणालीस पुरे. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलीस आणि उठेनास. "बास झालं. मला घरी न्हे. आबा म्हनत व्हते तेच खरं." मी समजूत काढली, रडले, डॉक्टरीणबाईंना बोलवू का म्हटलं. तू मान हलवत राहिलीस. लोक बाजूनं वर-खाली जात होते. मग तू माझ्याकडं बघून एकदम म्हणालीस, "रुसली म्हंजी कसं करत्यात? कर बगू." मी केलं. "चुकलीस." मी परत केलं. "आजून चुकतीस," तू म्हणालीस, पायरीला हात टेकलास आणि उठलीस. "चल आत. तुझं काय खरं न्हाई."

आषाढ लागला तशी आपण घरी आलो. शेकानं तुला बरं केलं नाही, पण पोटात पाणी भरायचं थांबलं. श्रावणात तू बांधावर घोंगडी पांघरून बसून भाताची लावणी सांगत होतीस, कोणाची ओळ वाकडी गेली ते ओरडून सांगत होतीस. अर्धी भाकरी खात होतीस. आबा तुझ्याकडं असे बघायचे जसं काही तू माहेराहून नुकतीच आलीस. मला वाटलं, बाई चुकल्या, ही जगणार. आणि तेव्हा तू धाकटीला माझ्याकडं पाठवायला सुरुवात केलीस. आठवडाभर बावधनला, मग थोडे दिवस मालेला, परत बावधनला. "सवय लागाया पायजे," म्हणायचीस. एवढं भाजून घेऊन मिळवलेले दिवस, आणि त्यातले निम्मे तू तिला नजरेआड करण्यात घालवलेस. बैलगाडीत बसवताना ती तुला चिकटायची, तू तिची बोटं एकेक करून सोडवायचीस. मी एकदा म्हटलं, "आये, आसू दे की हितंच, तू हायेस तवर." तू म्हणालीस, "म्या हाय तवरच जाऊ दे. रडली तर परत येता येतं."

दिवाळी झाली. भात झोडून झालं आणि पोट परत भरायला लागलं. या वेळी तू कोणाला विचारलं नाहीस. एका दुपारी अंगणात उन्हाला बसली होतीस, मी तुझे केस विंचरत होते. धाकटी करडांशी खेळत होती. तू तिला खुणेनं बोलावलंस. मागं एक करडू मेलं होतं, त्याची खूण तुम्ही केली होती, हात उलटा करायचा आणि मग तो डोळ्यांवरून खाली न्यायचा. तू करडाची खूण न करता फक्त ती केलीस. आणि बोट स्वतःच्या छातीला लावलंस. माझ्या हातातली फणी थांबली. धाकटी बघत राहिली. तू परत केलंस, सावकाश. तिनं तुझ्या हातावर फाडकन मारलं. परत मारलं. आणि डोळे घट्ट मिटून घेतले. आये, ज्याला ऐकू येत नाही त्यानं डोळे मिटले की त्याला काहीही सांगता येत नाही. तू तिच्या गालांना हात लावत होतीस, ती डोळे उघडत नव्हती. तशीच आंधळ्यासारखी चाचपडत गोठ्यात गेली.

कितीतरी दिवस ती तुझ्याजवळ आली नाही. आली तर खाली बघायची. तू बोलावलं नाहीस, वाट बघितलीस. मग एक दिवस आपल्या आपण येऊन तुझ्यासमोर बसली आणि डोळे उघडे ठेवले. तू परत तेच सांगितलंस. तिनं विचारलं, भाकरी? तू माझ्याकडं बोट केलंस. वेणी? माझ्याकडं. रात्री, जवळ निजायला? माझ्याकडं. प्रत्येक वेळी तुझं बोट थोडं खाली येत होतं, थकल्यामुळं. मी तिथंच उभी होते आणि मला पळून जावंसं वाटत होतं.

तू माघात गेलीस, भर दुपारी. घरात बायांचा आकांत चालला होता, आणि धाकटी रडत नव्हती. ती एकेकासमोर जाऊन उभी राहत होती. हात उलटा करायची, डोळ्यांवरून खाली आणायची, आणि त्याच्या तोंडाकडं बघायची. झालं का ते? हेच का ते? कोणाला कळत नव्हतं. बाया तिला पोटाशी धरायच्या, ती सुटून पुढच्याकडं जायची. शेवटी माझ्याकडं आली. मी तीच खूण केली आणि मान हलवली. तेव्हा ती खाली बसली.

बाकीचं थोडक्यात सांगते. ती माझ्याकडंच राहिली. माझ्या माणसानं कधी तिला परकं केलं नाही. माझी पोरं बोलायच्या आधी खुणा शिकली. बावधनला आमच्या शेतावर आता इमारती आहेत, तिला वरच्या मजल्याचा सज्जा आवडायचा, तिथून रस्त्यावरच्या माणसांच्या नकला करून सगळ्यांना हसवायची. ती म्हातारी झाली, आये. तुला ते बघायला मिळालं नाही, केस पांढरे झाले होते आणि तुझ्यासारखीच रागावायची. गेल्या वर्षी ती गेली. झोपेत, दुखणं नाही, काही नाही. पोरांना तिच्या खुणा येतात, पण जेवायच्या, चहाच्या, औषधाच्या. तिच्याशी उणंदुणं काढायला, जुनं काही बोलायला मीच होते, आणि माझ्याशी बोलायला ती.

हे सगळं लिहून मी कुठं पाठवणार. घडी करून ठेवून देईन, सुनेनं विचारलं तर काहीतरी सांगेन. तुला एवढंच सांगायचं होतं आणि तेच इतका वेळ लांबवत बसले. तुझा फोटो कधी काढलाच नाही आपण. धाकटी होती तोवर ती तुझं कपाळावरचं गोंदण, तुझी एका बाजूला कललेली मान अशी करून दाखवायची की तू समोर उभी राहायचीस. ती गेल्यापासून मी रोज आठवून बघते. आये, तुझा चेहरा मला आता आठवत नाही.